जोड्या लावा

शाळेच्या परीक्षेत 'जोड्या लावा' हा प्रश्न मला सगळ्यात सोपा वाटायचा. 'अ' गटातलं एक, 'ब' गटातलं एक, मधे रेघ ओढली की गुण पदरात. पुढे एस.टी.च्या आगारात ड्युट्या लावायचं टेबल माझ्याकडे आलं आणि नोकरीची निम्मी वर्षं मी तोच एक प्रश्न सोडवत बसलो. 'अ' गटात ड्रायव्हर, 'ब' गटात कंडक्टर. फरक एवढाच की इथे दोन्ही गट उठून टेबलाशी यायचे आणि ओढलेली रेघ पुसायला लावायचे.

निवृत्त झालो तरी ती खोड गेलेली नाही. लग्नाच्या पंगतीत बसलो की समोरच्या रांगेतला कोण कोणाबरोबर दिवसभर टिकेल याचा विचार सुरू होतो. पेपर हातात घेतो, एक पान वाचून होत नाही तोच उठतो, फाटकापर्यंत जातो, परत येतो. बायको म्हणते, "तुमाले एका जाग्यावर बसवत काहून नाई? फलाटावर गाडी लागली का तुमची?" मी पुन्हा फाटकाकडे जातो.

अशातच या अंकाच्या संपादकांचा फोन आला. कामाच्या ठिकाणची प्रेरणा, संघभावना, माणसं एकमेकांशी जुळवून कशी घेतात, यावर अनुभवातून लिहा म्हणाले. कुठे जन्मलो आणि नोकरीला कधी चिकटलो हे नको, असंही बजावलं. ते मलाही नकोच आहे. पण संघभावना म्हटलं की माझ्यासमोर एकच जोडी उभी राहते आणि तिच्याविषयी लिहायला बसलं की पाय वळवळायला लागतात. तरी प्रयत्न करतो.

आधी धंदा समजून घ्या. बाहेरच्याला वाटतं, ड्रायव्हर गाडी चालवतो, कंडक्टर तिकिटं फाडतो, त्यात जुळवायचं काय? पण ही दोन माणसं एका पत्र्याच्या डब्यात दिवसभर असतात आणि एकमेकांकडे पाठ करून असतात. एकाचं तोंड रस्त्याकडे, दुसऱ्याचं लोकांकडे. बोलायचं तर दोरीनं. छताखालून गेलेली दोरी कंडक्टरनं ओढली की ड्रायव्हरच्या डोक्याजवळची घंटी वाजते. एक बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. मागे कोण चढलं, कोण उतरलं, कोणाचा पाय अजून पायरीवर आहे, हे ड्रायव्हरला दिसत नाही. दोरीच्या त्या टोकाला जो उभा आहे त्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवायचा असतो. शिवाय मुक्कामी गाडी असेल तर रात्री एकाच खोलीत अंथरूण टाकायचं आणि सकाळी पुन्हा एकमेकांचं तोंड बघायचं.

अशा माणसांचं बिनसतं कशावरून? मोठं कारण मी फार क्वचित पाहिलं. एकाला थांब्यावर चहा लागतो, दुसऱ्याला घरी जायची घाई. एक खिडकी उघडी ठेवतो, दुसऱ्याला वारा बाधतो. आमच्या रिठदच्या मुक्कामी गाडीवर एक जोडी होती, त्यांचं डब्यातल्या ठेच्यावरून वाजलं. कोणी कोणाला विचारल्याशिवाय घेतला, एवढंच. त्यानंतर सबंध पावसाळाभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. निरोप प्रवाशांमार्फत जायचे. "त्याले सांगा, म्हना, डिझल पाह्य." "त्याले सांगा, म्हना, मले डोये हायेत." रोजचे प्रवासी बिचारे इमानदारीनं निरोप पोचवत. बेलसुद्धा रागानं वाजायची. पण गंमत अशी की त्या काळात ती गाडी एकदाही उशिरा आली नाही. कुठे थांबणं नाही, गप्पा नाहीत, गाडी आणि रस्ता. पुढे पोळ्याला कोणीतरी त्यांचा समेट घडवून आणला, दोघं गळ्यात गळे घालून चहा प्यायला लागले आणि गाडीला रोज उशीर व्हायला लागला. मला ती जोडी फोडावी लागली. दोघांनीही मला शिव्या घातल्या, या वेळी एकत्र.

असे धडे घेत घेत मी शहाणा झालो असं मला वाटत होतं. दोन चांगली माणसं एकत्र लावली की चांगली जोडी होते हा समज गेला. दोन गरजू माणसं लावावीत, या मतावर मी आलो होतो. एकाचं दुसऱ्यावाचून अडायला हवं. हे मत मी बैठकीत ऐटीत सांगायचो आणि दाखल्यासाठी गफूरभाई आणि संगीता यांचं नाव घ्यायचो.

संगीता आमच्याकडे कंडक्टर म्हणून आली तेव्हा तिच्याबरोबर जायला कोणी तयार होईना. उघड कोणी काही म्हणत नसे. एकाची कंबर दुखायची, दुसऱ्याला नेमका तो मार्ग नको असायचा. तिसरा सरळ बोलला, "बाईमानूस संग असलं तं गाडी बी हळू चालवा, अन् तोंड बी सांभायून बोला. आपल्याच्यानं नाई होत." संगीता हे सगळं टेबलापलीकडे उभी राहून ऐकत होती. उंच, सडपातळ, तिकिटाचं मशीन गळ्यात, चेहऱ्यावर काही नाही. तेवढ्यात गफूरभाई आत आले. वयानं आमच्या आगारातले ज्येष्ठ ड्रायव्हर. घराणं पत्र्याच्या डब्या-कोठ्या बनवणारं, गावातल्या जुन्या बाजारात भावांचं दुकान. हे एकटेच स्टेअरिंगकडे वळलेले. ते म्हणाले, "इंगोले साहेब, लावा माह्यासंग. मले कायचं? मी तं पुढंच पाहतो."

मी रेघ ओढली. खरं सांगायचं तर मला दुसरी जागाच दिसत नव्हती. पण ती रेघ अशी लागली की पुढे माझी कॉलर त्यामुळे ताठ झाली. या जोडीची तक्रार नाही, भांडण नाही, प्रवाशांशी कटकट नाही. मुक्कामी ड्युटी आली तर गफूरभाई स्वतः गाडीत झोपत आणि संगीताच्या झोपण्याची सोय गावातल्या एखाद्या ओळखीच्या घरी लावून देत. संगीतानं त्यांच्यासाठी घरून भाकरी आणणं कधी चुकवलं नाही. ती त्यांना 'चाचा' म्हणायची, ते तिला 'बेटा'.

त्यांच्या गाडीची एक खूण होती. कोणतीही गाडी मिळो, संगीता चढली की आधी पुढे जायची आणि घंटीच्या लोळीला, म्हणजे आतल्या लोंबत्या टोल्याला, लाल रिबीन बांधायची. संध्याकाळी सोडून पर्समध्ये ठेवायची. यावर आगारात मोठी चर्चा. एक म्हणायचा पोहरादेवीचा नवस आहे, दुसरा म्हणायचा गफूरभाईंच्या पिराचा धागा आहे. विचारलं तर दोघं हसायची. या जोडीचं इतकं चांगलं चाललेलं बघून हळूहळू बाकीच्यांनीही रिबिनी बांधायला सुरुवात केली. काही महिन्यांत आमच्या आगाराच्या निम्म्या गाड्या लाल रिबीन लावून फिरत होत्या. भांडखोरातल्या भांडखोर जोडीनंही बांधली होती. ती घंटीला बांधून दोघं फलाटावर भांडत असत.

त्या वर्षीच्या पोहरादेवीच्या यात्रेत तर या जोडीनं कमाल केली. यात्रेच्या जादा गाड्या म्हणजे आमची खरी परीक्षा. माणूस माणसाला चिकटलेला, डफड्यांचा आवाज, भोंगे, हाका, पोरांची रडारड. घंटी वाजली तरी ड्रायव्हरला ऐकू येत नाही. बाकीच्या गाड्या अडत होत्या, कंडक्टर खिडकीतून हात काढून पत्र्यावर थापा मारत होते. यांची गाडी मात्र सुरळीत भरत होती, सुटत होती, परत येत होती. मी स्वतः तिथे शिट्टी घेऊन उभा होतो. त्या गोंगाटात या दोघांनाच एकमेकांचं कसं कळतं, याचं मला कौतुक वाटलं. कौतुकच वाटलं, प्रश्न पडला नाही. यात्रेनंतर आगारानं त्यांचा 'उत्कृष्ट जोडी' म्हणून सत्कार केला आणि माझ्या खांद्यावरही आगारप्रमुख साहेबांचा हात पडला.

मग प्रेरणा शिबिर आलं. वर्कशॉपच्या पत्र्याखाली सतरंज्या टाकल्या, कूलर लावला. शिकवायला पुण्याहून एक तरुण आला होता. कानाला माइक, अंगात कोट, आणि आमच्याकडचं ऊन. आमच्या लोकांनी त्याची खेचायची पूर्ण तयारी केली होती, पण पोरगा वाईट नव्हता. कोट काढून ठेवला, बाह्या सारल्या आणि सगळ्यांना मैदानात आणलं. जुने टायर इथेतिथे टाकले. खेळ असा: जोडीतल्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, कंडक्टरनं लांब उभं राहून नुसत्या आवाजानं त्याला टायरांमधून पलीकडे न्यायचं. एकमेकांवर विश्वास आहे की नाही ते यातून कळतं, असं तो म्हणाला.

खूप हसलो आम्ही. एक ड्रायव्हर टायरमध्ये पडला आणि तिथूनच कंडक्टरच्या नावानं ओरडू लागला. दुसऱ्यानं डावं-उजवं ऐकून मुद्दाम उलट पाय टाकला. मग 'उत्कृष्ट जोडी'ची पाळी आली. गफूरभाई पट्टी बांधून घ्यायला जरा कां-कूं करत होते. लोकांनी आग्रह केला. पट्टी बांधली. संगीतानं हाक दिली, "चाचा, दोन पावलं पुढं." गफूरभाई उभेच. तिनं पुन्हा, आवाज चढवून, "चाचा, पुढं या." सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. गफूरभाई तोंडावर हसू ठेवून उभे होते, आणि त्यांचं तोंड भलत्याच दिशेला होतं.

संगीता पळत गेली. तिनं त्यांच्या खांद्यावर बोटांनी दोनदा टपटप केलं. ते चालू लागले. डाव्या खांद्याला बोट लागलं की डावीकडे, उजव्या खांद्याला लागलं की उजवीकडे. एकदा टप् केलं की थांबत. एका टायरला पाय न लागता दोघं पार झाली. टाळ्यांचा कडकडाट. नियम आवाजाचा होता, स्पर्शाचा नव्हता, पण त्या पोरालाही भरून आलं. तो माइकवरून म्हणाला, शब्दांच्या पलीकडचा विश्वास तो हाच. मी टाळी वाजवायला हात उचलले होते, ते तसेच राहिले. इतकी वर्षं मी ज्यांच्याकडे रोज बघत होतो, त्यांच्याबद्दल त्या पोराच्या खेळानं मला एका मिनिटात काहीतरी सांगितलं होतं.

त्यानंतर मला चैन पडेना. टेबलाशी बसायचो आणि फलाटाकडे बघत राहायचो. गफूरभाईंना मागून हाक मारून बघितली, त्यांनी वळून पाहिलं नाही. पण फलाटावर कोण कोणाची हाक ऐकतो? समोर जाऊन बोललो तर नीट उत्तर दिलं. मग लक्षात आलं, ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते, ओठांकडे बघत होते. एक मन म्हणायचं, इंगोले, गाडी नीट चालली आहे, उगाच खाजवून खरूज काढू नकोस. दुसरं म्हणायचं, तुझ्या रेघेच्या भरवशावर पन्नास माणसं त्या गाडीत बसतात. शेवटी एका सकाळी मी मेडशीच्या गाडीत जाऊन बसलो. संगीतानं विचारलं, "साहेब, इकडं कुठं?" सोयाबीनच्या बियाण्याचं काम आहे, असं मी सांगितलं. माझ्याकडे शेत नाही, हे तिला ठाऊक होतं.

मी मधल्या बाकावर बसलो आणि पहिल्या दोन थांब्यांतच सगळं समजलं. संगीता दोरी ओढायची, घंटीची लोळी हलायची, लाल रिबीन उडायची. गफूरभाईंची नजर तेवढ्यापुरती वर जायची. एकदा उडाली की ब्रेक, दोनदा उडाली की गिअर. मधल्या वेळात ते आरशात बघायचे आणि संगीता काहीही करत असली तरी त्या आरशात दिसेल अशाच जागी असायची. नवस नव्हता, धागा नव्हता. त्यांना ऐकूच येत नव्हतं. आणि आमचं निम्मं आगार त्या बहिरेपणाची नक्कल शुभ म्हणून घंटीला बांधून फिरत होतं.

मालेगाव सोडल्यावर गाडी खच्चून भरली. मेडशीच्या अलीकडे एका फाट्यावर एक म्हातारी उतरत होती. हातात पिशवी, एक पाय खाली, एक पायरीवर. संगीता मागच्या गर्दीत तिकिटात अडकलेली. आमच्या भागातल्या प्रवाशांना एक भारी सवय आहे, कंडक्टरला मदत करायची. पुढे उभ्या असलेल्या एका धोतरवाल्या गृहस्थांनी "चला बाप्पा, उशीर होऊन राह्यला" म्हणत हात वर केला आणि दोरी दोनदा ओढली.

रिबीन दोनदा उडाली. गाडी सुटली. म्हातारीचा हात दांड्याला आणि पाय रस्त्यावर फरफटत. "थांबवा, थांबवा, बाई पडली," सगळी गाडी ओरडली, लोकांनी पत्रे बडवले. दुसरा कोणताही ड्रायव्हर त्या आरडाओरड्यानं जागच्या जागी थांबला असता. गफूरभाई शांतपणे दुसरा गिअर टाकत होते. संगीता माणसांच्या खांद्यांवरून अक्षरशः झेपावली आणि तिनं दोरी एकदा ओढली. रिबीन एकदा उडाली. ब्रेक लागला.

म्हातारी रस्त्यावर बसली होती. गुडघे सोलवटले होते, पिशवीतल्या शेंगा पसरल्या होत्या. जीवावरचं गुडघ्यावर निभावलं. उठून तिनं धोतरवाल्या गृहस्थांचा जो उद्धार केला तो इथे लिहिता येणार नाही. सगळी गाडी त्या गृहस्थांवर तुटून पडली होती आणि चूक त्यांचीच होती. ड्रायव्हरकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. संगीतानं म्हातारीच्या शेंगा गोळा करून दिल्या, तिच्या गुडघ्याला पाणी लावलं, आणि उठताना तिची-माझी नजरानजर झाली. तिला समजलं की मला समजलंय.

मेडशीला गाडी रिकामी झाली. परतीचे प्रवासी चढू लागले. आम्ही तिघं चहाच्या टपरीमागे उभे होतो. मी गफूरभाईंच्या समोर उभा राहिलो, ओठ नीट हलवत विचारलं, "कधीपासून?"

उत्तर संगीतानं दिलं. "साहेब, मागच्या डॉक्टरी तपासनीच्या टायमाले थोडं थोडं येत होतं आयकू. मंग गेलं. चाचाईनं मले नाई सांगतलं, मलेच समजलं. रिबीन मी बांधली. माही हाय थे डोकॅलिटी."

"तिले काही करू नका," गफूरभाई म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसाच्या आवाजाला उंची कळत नाही. ते जरा मोठ्यानंच बोलले. "म्याच सांगतलं होतं तिले. लडकी झूट बोलून राह्यली."

"चाचा, तुमी चूप राहा."

मी म्हणालो, "आता ही गाडी गफूरभाई नेणार नाहीत."

संगीता माझ्याजवळ सरकली. "साहेब, आजच्या दिवस जाऊ द्या. वापस आगारात जाऊ द्या फक्त. उद्या मी सोता त्याईले अकोल्याच्या डॉक्टरकडं घेऊन जाईन. ते सोताच अर्ज देतील. कोनाले काही समजनार नाई. थे म्हातारी पडली थे तं त्या बुढ्याच्या अवदसेनं पडली. तुमाले माईत हाय."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, तिथेच तर अडचण होती. रस्ता तोच, माणूस तोच, सकाळी आणली तशी गाडी दुपारी परत गेली असती. उद्या सगळं इज्जतीत मिटलं असतं. पण सकाळी मला शंका होती, आता खात्री होती. गाडीत एक बाई पोराला पाजत बसली होती. मी तिच्याकडे बघितलं आणि आगारात फोन लावला. दुसरा ड्रायव्हर पाठवा म्हणालो, यांची तब्येत बिघडली आहे.

गफूरभाईंनी माझे ओठ वाचले. म्हणाले, "साहेब, तुमी बरोबर करून राह्यले. मले बी रात्री झोप नाई येत, हे बेटीले विचारा. पन एक करा. मले माघं बसवू नका. ह्या रोडवर माह्याच गाडीत मी माघं बसून नाई जाऊ शकत. लोक पाह्यतील. मले इथंच राहू द्या, मी येतो कसाबी, पायी येतो."

पायी पाठवायचं तरी कसं? ड्रायव्हर येईपर्यंतचा वेळ मी टपरीपासून गाडीपर्यंत आणि गाडीपासून टपरीपर्यंत येरझाऱ्या घालत काढला. प्रवासी कटकट करत होते. एका गुरुजींनी खिडकीतून विचारलं, "डायवर तं चांगले दिसून राह्यले. काय झालं त्याईले?" मी म्हणालो, "चक्कर आली." गफूरभाई बोनेटला हात लावून उभे होते. त्यांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं, एवढीच एक बरी गोष्ट.

पुढचं आधी सांगून टाकतो. डॉक्टरांनी कानाचा निकाल दिला, गफूरभाईंचं स्टेअरिंग सुटलं ते कायमचं. कोणीतरी त्यांना चौकशीच्या खिडकीत बसवा असं सुचवलं. तो विनोद होता की काय होतं, मला आजही माहीत नाही. शेवटी टायरच्या कामावर गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. वर पाठवलेल्या अहवालात संगीताचं नाव मी घातलं नाही, त्याची मला खंत नाही. आगारातल्या रिबिनी आपोआप गळून गेल्या. मी संगीताची जोडी एका तरुण ड्रायव्हरशी लावली, मग दुसऱ्याशी, मग तिसऱ्याशी. तक्रार कोणाचीच नव्हती, पण ती जोडी अशी लागली नाही. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. माझ्या निरोपाच्या कार्यक्रमाला गफूरभाई कानात यंत्र घालून आले आणि पहिल्या रांगेत बसले. संगीता आली नाही, तिची ड्युटी होती. ती मीच लावली होती. यायचं की नाही हे तिला ठरवायला लागू नये म्हणून.

मी केलं ते योग्य होतं यात मला संशय नाही. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन. तरीही बसवत नाही. माझ्या उभ्या नोकरीत कामाच्या ठिकाणी दोन माणसांनी एकमेकांसाठी इतकं जीव ओतून केलेलं काम मी दुसरं पाहिलं नाही. त्याच कामानं एक म्हातारी चाकाखाली जाता जाता राहिली. आणि ते मोडणारा मी. संपादकांना यातून संघभावनेविषयी काय काढायचं ते काढू देत. मला ते वेगळं करता येत नाही.

तर मेडशी. दुसरा ड्रायव्हर आला. चलाख पोरगा, कान शाबूत, कशाची कल्पना नाही. सीटवर बसला, आरसा स्वतःच्या उंचीला फिरवला. मी गफूरभाईंचा हात धरला आणि त्यांना गाडीत चढवलं. ते मधून चालत गेले, कोणाकडे बघितलं नाही, थेट शेवटच्या बाकावर खिडकीशी जाऊन बसले. मी शेजारी बसलो. गाडी सुटली. त्यांचा उजवा पाय खाली फळीवर आपसूक दाबला जात होता, सुटत होता.

पहिला थांबा जवळ आला. संगीता मधे उभी होती, हात दोरीवर. तिनं दाराकडे नाही, शेवटच्या बाकाकडे बघितलं. गफूरभाईंची नजर तिच्याकडे वळेपर्यंत ती थांबली. मग दुसऱ्या हाताचा पंजा छातीशी उभा धरला, आणि एक बेल मारली. गाडी थांबली. माणसं उतरली, चढली. पायरी मोकळी झाल्याचं तिनं वाकून पाहिलं, पुन्हा वळली आणि तळहात पुढे सरकवून त्यांना विचारलं, जाऊ?

गफूरभाईंनी मान हलवली. तेव्हा तिनं डबल बेल मारली.

पुढच्या थांब्यावरही तेच. त्याच्या पुढच्याही. नव्या पोराला कळेना, तो पुढून ओरडला, "ताई, बेल माराले इतका टाईम काहून लागून राह्यला?" मालेगाव आलं, गाडी भरली, माणसांच्या डोक्यांमधून तिला शेवटचा बाक दिसेना, तर ती एका सीटच्या काठावर चढून उभी राहिली. आगाराच्या फाटकापर्यंत गफूरभाईंची मान हलल्याशिवाय तिनं ती गाडी एकदाही सोडली नाही.